आठवी आज्ञा आणि उरलेले देणे

बोर्ली पंचतन हे आपल्या धर्मग्रामांच्या यादीत ठळकपणे दिसणारे गाव नव्हे. नोकरीनिमित्त आलेली दोन-चार ख्रिस्ती कुटुंबे तेथे आणि आसपास राहतात. वर्षातून काही वेळा त्यांच्यापैकी एकाच्या पडवीत ख्रिस्तयाग अर्पण करण्यासाठी आम्ही म्हसळ्यामार्गे एसटीने जातो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात या बाजूच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. त्यानंतर लावलेली झाडे आता माणसाच्या डोक्यावर गेलेली दिसतात. मिस्सा झाली, चहापाणी झाले, की परतीच्या गाडीला बराच अवकाश असतो. आणि गाडीची वाट पाहत बसलेल्या धर्मगुरूला कोणीही गाठू शकतो.

या खेपेस आम्हांला गाठले ते तेथील एका शाळेतील शिक्षकांनी. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी आर्थर मिलर यांच्या 'द क्रूसिबल' या नाटकातील काही प्रवेश स्वतःच मराठीत उतरवले होते. "फादर, एक शंका आहे," ते म्हणाले, "नायकाला दहा आज्ञा म्हणून दाखवायला सांगतात. तो एक विसरतो, आणि विसरतो ती नेमकी व्यभिचाराची. ती कितवी हो?" आम्ही सवयीने 'सहावी' म्हणून गेलो आणि लगेच स्वतःला दुरुस्त करावे लागले. नाटकातील माणसे प्युरिटन पंथाची. त्यांच्या मोजणीत ती सातवी. खोट्या साक्षीची आज्ञा आपल्याकडे आठवी, त्यांच्याकडे नववी. आकडा कोणताही धरा; १६९२ साली त्या गावाने मोडली ती हीच आज्ञा.

ज्या वाचकांनी हे नाटक पाहिले वा वाचले नसेल, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत सेलम नावाचे गाव. तेथील काही मुली रात्री रानात नाचताना पाळकाच्या दृष्टीस पडतात. त्या समाजात नाचणे हाच अपराध. फटक्यांच्या भीतीने मुली सांगतात, की आम्ही आमच्या स्वाधीन नव्हतो, आमच्यावर चेटूक झाले होते. 'कोणी केले?' असे विचारताच पहिले नाव येते ते टिटुबा या गुलाम स्त्रीचे. मागोमाग एका भिकारणीचे. ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही, अशांपासून सुरुवात होते. परंतु नावे घेण्याची चटक एकदा लागली, की ती गावकुसाबाहेर थांबत नाही. ती रिबेका नर्सपर्यंत येऊन पोहोचते. ही सत्तरी ओलांडलेली आजी. सारे गाव तिला देवमाणूस मानत आलेले. आणि न्यायालयाचा हिशेब असा, की जो 'होय, मी चेटूक केले' असे खोटे कबूल करील तो वाचेल, आणि जो खरे बोलेल तो फासावर जाईल. जॉन प्रॉक्टर हा शेतकरी शेवटी खोट्या कबुलीवर सही करतो, आणि ती दारावर लावली जाणार असे कळताच फाडून टाकतो.

नाटक १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांचा शोध चालला होता आणि संशयितांना 'आणखी कोण कोण होते?' हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जाई. १९५६ मध्ये खुद्द मिलर यांनाही संसदेच्या समितीपुढे बोलावण्यात आले. त्यांनी इतरांची नावे सांगितली नाहीत. १९५७ मध्ये ते अवमानाबद्दल दोषी ठरले आणि १९५८ मध्ये तो निर्णय रद्द झाला. इतिहासापुरते एवढे सांगायला हवे, की नाटकातील ॲबिगेल आणि प्रॉक्टर यांचे प्रेमप्रकरण मिलर यांच्या कल्पनेतले आहे. खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची पोर होती आणि प्रॉक्टर साठीचा म्हातारा. फाशी मात्र खरीच. एकोणीस जणांना फासावर चढवले गेले. जाइल्स कोरी या वृद्धाने न्यायालयापुढे 'दोषी' किंवा 'निर्दोष' काहीच म्हणायचे नाकारले, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत रचत त्याला मारले. काही माणसे तुरुंगातच गेली.

शिक्षकांनी आम्हांला तालमीला नेले. वर्गातील बाके भिंतीला लावून जागा केली होती. प्रवेश न्यायालयाचा होता. मेरी वॉरन ही मुलगी खरे सांगायला उभी राहते आणि बाकीच्या तिला तुळईवर बसलेला एक पिवळा पक्षी दिसत असल्याचा कांगावा करतात. ती जे बोलेल तेच शब्द साऱ्या जणी एका सुरात परत बोलतात. पहिल्या वेळी खिडकीशी जमलेली लहान मुले खो खो हसली. दुसऱ्या वेळी थोडी हसली. तिसऱ्या वेळी कोणी हसले नाही, आणि खिडकीच्या गजांना धरून उभा असलेला पाचवी-सहावीतला एक मुलगा मान वर करून खरोखरच तुळईकडे पाहू लागला. त्याच्याकडे पाहून आम्हांला तीस वर्षांपूर्वीच्या एका वेदीसेवकाची आठवण झाली. त्याच्याविषयी पुढे लिहितो.

तालमीनंतर शिक्षक म्हणाले, "फादर, आपल्याकडे तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आहेच की." खरे आहे. १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमची राहिली. तेथे चेटूक नाही, फाशी नाही. संध्याकाळच्या प्रयोगाआधी वेळ घालवायचा म्हणून मांडलेला एक खोटा खटला आहे. परंतु त्यातील सामंतांची साक्ष आम्हांला नेहमीच अस्वस्थ करते. हा गावातला साधाभोळा मनुष्य. त्याच्या मनात कोणाविषयी वाकडे नाही. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभे करतात, आणि तो बिचारा हातातल्या कादंबरीतले प्रसंग आपण पाहिल्यासारखे सांगू लागतो. ते प्रसंग नेमके बेणारेच्या आयुष्याला जाऊन चिकटतात. खोटी साक्ष देणारा प्रत्येक जण दुष्ट असतो, असे आपण समजतो. सामंत दुष्ट नाही. त्याला फक्त खेळात घेतले गेल्याचा आनंद झाला आहे. आणि शेवटी सारे जण बेणारेला काय समजावतात? की अगं, हा तर खेळ होता. मग प्रयोगाच्या तयारीला निघून जातात.

सेलममधील मोठ्या माणसांचे काय? त्यांच्यापैकी काहींना शेजाऱ्याची जमीन हवी होती, काहींना जुने वैर फेडायचे होते. हे नेहमीचेच, त्यात समजून घेण्यासारखे फारसे नाही. आमचे मन रेंगाळते ते मिसेस पटनम या पात्रापाशी. या बाईने सात तान्ही मुले पुरलेली आहेत. तिला एकच प्रश्न पडला आहे: का? धर्मगुरू या नात्याने आम्ही अशा आयांच्या शेजारी बसलो आहोत. 'देवाची इच्छा' एवढे दोन शब्द उच्चारून उठलोही आहोत, आणि त्या शब्दांनी त्यांचे समाधान झाले नाही हे उठतानाच आम्हांला कळत होते. 'का?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तेव्हा माणूस नकळत तो बदलतो आणि 'कोणी?' असे विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आळीत प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते.

आपण म्हणू, की या सतराव्या शतकातल्या गोष्टी. तसे असते तर महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला नसता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी कित्येक वर्षे खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधेयक संमत झाले. या कायद्याच्या अनुसूचीत एक कलम असे आहे, की अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, अशी समजूत पसरवणे हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा. जनावराचे दूध आटवणे! युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांतही हाच आरोप असे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांत 'डाकीण' ठरवलेल्या बायकांवर अजून हीच पाळी येते.

चेटकिणीचे नाव न घेताही हे घडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी भटकणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना 'मुले पळवणारे' समजून जमावाने ठार मारले. मुले पळवली गेल्याची अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा तशाच अफवेने बळी घेतला. करोनाच्या त्याच दिवसांत दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याहून आलेल्या परदेशी मुसलमानांनी मुद्दाम रोग पसरवला, असे देशभर ओरडून सांगितले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी अशा एकोणतीस परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे बनवले गेल्याचा स्पष्ट निष्कर्ष काढला. बोर्लीत मुसलमान वस्ती जुनी आहे. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला विचारले होते, "फादर, टीव्हीवर महिनाभर रोज आमचं नाव घेत होते. कोर्टाचा निकाल किती मिनिटं दाखवला?" आम्ही गप्प बसलो.

त्यांचा हा प्रश्न आणि तालमीनंतर ॲबिगेल झालेल्या मुलीने विचारलेला प्रश्न, दोन्ही आमच्या मनात एकत्र झाले आहेत. ती आठवीतली मुलगी शिक्षकांना म्हणाली, "सर, नाटकात मी पैसे चोरून पळून जाते. पण बाकीच्यांचं काय झालं? त्या त्याच गावात राहिल्या ना?"

मुलीचा प्रश्न बरोबर होता. नाटक फाशीपाशी संपते. गाव संपत नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच माणसे येतात.

सेलममध्ये पुढे काय झाले याची नोंद आहे. सॅम्युएल सीवॉल हे शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांपैकी एक. १६९७ च्या जानेवारीत सार्वजनिक उपवासाच्या दिवशी बोस्टनच्या प्रार्थनामंदिरात ते आपल्या बाकावरून उठून उभे राहिले, आणि त्यांनी लिहून दिलेली दोषाची कबुली पाळकाने सर्वांसमक्ष वाचली. बारा ज्यूरींनीही क्षमापत्रावर सह्या केल्या. मुख्य न्यायाधीश स्टाउटन यांनी मात्र कधीही क्षमा मागितली नाही. आणि १७०६ साली ॲन पटनम उभी राहिली. आरोप करताना ती बारा वर्षांची होती. आता पंचविशी ओलांडलेली, आईबाप गेलेली, अविवाहित. सेलम गावाच्याच मंदिरात, त्याच लोकांपुढे ती उभी राहिली आणि पाळकाने तिचे निवेदन वाचले. रिबेका नर्स आणि तिच्या दोन बहिणींचा तिने खास उल्लेख केला. सैतानाने आपल्याला भुलवले, असे तिने त्यात म्हटले आहे. अर्धा दोष तिने सैतानाच्या गळ्यात घातला, अशी टीका कोणी करू शकेल. आम्हीही सेमिनरीत असताना केली असती. आज करणार नाही. ती उभी राहिली, हे पुष्कळ आहे.

१७११ मध्ये वसाहतीने बऱ्याच जणांवरील शिक्षा रद्द करून कुटुंबांना भरपाई दिली. १७१२ मध्ये सेलमच्या मंडळीने रिबेका नर्सचा बहिष्कार मागे घेतला; तिला जाऊन वीस वर्षे झाली होती. एक नाव तरीही राहूनच गेले. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या तरुणीला फाशीची शिक्षा झाली होती, ती अमलात आली नाही, पण कागदावरून पुसलीही गेली नाही. २०२२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून तिला निर्दोष ठरवले. त्यासाठी पाठपुरावा कोणी केला? तिकडच्या एका शाळेतील आठवीच्या वर्गातल्या मुलांनी. हे ऐकून बोर्लीच्या आठवीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडे परनिंदेवर प्रवचन करताना संत फिलिप नेरी यांची पिसांची कथा सांगण्याची प्रथा आहे. निंदा करणाऱ्या बाईला ते कोंबडीची पिसे उपटत वाटेने जायला सांगतात आणि मग म्हणतात, आता ती गोळा करून आण. ही कथा आम्हीही शेकडो वेळा सांगितली. अलीकडे मात्र आम्हांला तिच्यात एक धोका दिसू लागला आहे. पिसे गोळा होत नाहीत हे ऐकून ऐकणारा हळहळतो, मान हलवतो, आणि निश्चिंत होतो. कारण जे होणारच नाही ते कोणी करायचे? सर्व पिसे गोळा होणार नाहीत, हे खरे. पण अंगणात पडलेली तरी? ॲन पटनमने चार-सहा पिसे उचलली.

प्रायश्चित्त संस्कारात, ज्याला आपल्या जुन्या पिढीतले लोक कुमसार म्हणतात, पापाची क्षमा होते. याविषयी शंका नाही. परंतु चोरलेला बैल परत न करता कोणी क्षमा मागायला आला, तर त्याला काय सांगायचे, हे प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक असते. चोरलेल्या नावाच्या बाबतीत आम्ही तेवढे कडक का नसतो? १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने परिच्छेद २४८७ मध्ये हे निःसंदिग्ध सांगितले आहे, की न्याय आणि सत्य यांविरुद्ध केलेल्या अपराधाला क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच, आणि ज्याचे नाव गेले त्याच्या नावाचीही भरपाई करायची असते. जक्कय प्रभू येशूला म्हणतो, की कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. लूकच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात तेथे जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ खोटा आळ घेऊन उकळणे असा होतो. चौपट! म्हणजे कानात सांगितलेले निदान चव्हाट्यावर येऊन मागे घ्यायला हवे.

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आहे: सुसान्नाची कथा. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात, सोमवारी, आपण ती वाचतो. दोन वृद्ध न्यायाधीश सुसान्नावर व्यभिचाराचा आळ घेतात आणि सभा तिला मरणदंड देते. तरुण दानिएल काय करतो? तो त्या दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि दोघांना एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरे. फार मोठी विद्या लागली नाही. दोघांना वेगळे करण्याइतका धीर लागला. सेलमच्या न्यायालयाने त्या मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारले असते तर किती दिवस पिवळा पक्षी टिकला असता? परंतु या अध्यायाच्या शेवटाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. सभा देवाची स्तुती करते. खोट्या साक्षीदारांना मारते. सुसान्नाचे आईवडील आणि पती देवाचे आभार मानतात. क्षणापूर्वी जिला मारायला ही सभा निघाली होती, त्या सुसान्नाला मात्र कोणीही 'आमचे चुकले' म्हणत नाही.

दुसऱ्यांच्या दोषांवर लिहिणे सोपे असते, म्हणून आपल्या घरातलेही सांगितले पाहिजे. बोर्लीपासून किनाऱ्याने उत्तरेला गेले, की खाडीपलीकडे मुरूड आणि पुढे रेवदंड्याला जुन्या पोर्तुगीज चौलचे अवशेष आहेत. पडलेल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले, मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत टिकले, आणि या किनाऱ्यावरील पोर्तुगीज मुलखालाही त्याचा धाक होता. त्याच्या पद्धतीत आरोपीला आरोप करणाराचे नाव कळत नसे. कोण बोलले हे ठाऊक नाही, मग 'कोणत्या झाडाखाली?' हे कोणाला विचारणार? फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्कला १४३१ साली जाळले ते एका बिशपच्या अध्यक्षतेखालील धर्मन्यायालयाने दोषी ठरवल्यावर. १४५६ साली दुसऱ्या धर्मन्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि १९२० साली चर्चने तिला संत म्हणून घोषित केले. २००० सालच्या मार्चमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अपराधांची जाहीर क्षमा मागितली. मंदिरात, वेदीसमोर, साऱ्या जगादेखत.

आणि फ्रीड्रिख श्पे. हा जर्मन येशूसंघीय धर्मगुरू चेटकीण ठरलेल्या बायकांचे शेवटचे पापनिवेदन ऐकत असे. १६३१ साली त्याने स्वतःचे नाव न घालता लॅटिनमध्ये एक ग्रंथ छापला. त्यात त्याने दाखवून दिले, की आरोपी घाबरली तर ती दोषी म्हणून घाबरली असे म्हणतात, आणि शांत राहिली तर सैतान तिला धीर देतो म्हणून दोषी. छळ झाला की कोणीही काहीही कबूल करील, आणि आणखी नावेही सांगील. चार वर्षांनी ट्रिअर शहरात साथीच्या रुग्णांची सेवा करताना तो वारला. पुष्कळांना तो आपल्या भक्तिगीतांमुळे माहीत आहे. आम्हांला तो आठवतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्या काळी काही धर्मगुरू त्या बायकांना कबुलीसाठी धमकावत असत. बाकीचे बहुतेक गप्प होते, आणि त्यांच्या गप्प बसण्यालाच लोक संमती समजत होते.

आता त्या वेदीसेवकाकडे वळतो.

गुरुदीक्षा होऊन आम्हांला दोन वर्षे झाली होती. एका गावी आम्ही सहायक धर्मगुरू होतो. गावाचे नाव येथे देत नाही. तेथील एका आळीत नऊ महिन्यांचे एक बाळ तापाने दगावले. त्यानंतर पंधरा दिवसांत शेजारच्या घरातले मूल आजारी पडले. कोणाची म्हैस दूध देईनाशी झाली. आळीच्या टोकाला एक विधवा राहत असे. तिला सारे मावशी म्हणत. सुकी मासळी विकून ती पोट भरी. तिने त्या बाळाला मांडीवर घेऊन 'किती गोरा गं' असे म्हटले होते, एवढे सर्वांना आठवत होते. आपल्या ख्रिस्ती घरांतूनही मीठ-मिरची ओवाळून टाकतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

बाळाच्या आजोबांनी येऊन घराला आशीर्वाद देण्याची विनंती केली. आम्हांला त्यांच्या श्रद्धेचे कौतुक वाटले. पवित्र पाणी घेऊन, एका वेदीसेवकाला बरोबर घेऊन आम्ही गेलो. एका घराचे पाहून दुसऱ्यांनी बोलावले. त्या संध्याकाळी आम्ही आठ घरांवर पाणी शिंपडले. नववे घर मावशीचे. तिने बोलावले नव्हते, आणि उशीर झाला होता. ती दारात उभी होती. आम्ही तिला 'जय येशू' म्हणून परतलो.

वाटेत तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "फादर, तिच्या घरावर पाणी मारलं नाही. म्हणजे खरंच ना?"

आम्ही त्याला रागावलो. परत जाऊन नववे दार उघडायला लावावे, हे आम्हांला सुचले नाही असे लिहिणे खोटे ठरेल, सुचले होते. उद्या जाऊ असे ठरवले. उद्या एक अंत्यविधी निघाला. पुढच्या रविवारी आम्ही शेजारप्रेमावर प्रवचन केले, कोणाचेही नाव न घेता. सर्वांना ते फार आवडले. त्यानंतर मावशीची मासळी कोणी घेईना. ती मिस्सेला शेवटच्या बाकावर बसू लागली, मग येईनाशी झाली, आणि वर्षभरात बहिणीकडे निघून गेली. तिकडेच ती वारली. आमची तोवर बदली झाली होती. ही गोष्ट आम्ही पापनिवेदनात सांगितली आहे, एकदा नव्हे, आणि क्षमाही मिळाली आहे. त्या आळीला मात्र आजवर कोणीही सांगितलेले नाही, की फादरांनी त्या दिवशी नववे घर टाकले ते आळसाने आणि भीतीने, मावशीच्या नजरेचा काही संबंध नव्हता.

बोर्लीहून परतल्यावर आम्ही त्या धर्मग्रामाच्या विद्यमान प्रमुख धर्मगुरूंना पत्र लिहिले आणि तेथे एकदा वेदीसमोर उभे राहून बोलू देण्याची परवानगी मागितली. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते, पण जुन्या गोष्टी उकरून काय साधणार, त्या कुटुंबांतील वडीलधारी माणसे अजून हयात आहेत, असा त्यात सूर होता. आम्ही पुन्हा लिहिले. या वेळी त्यांनी मावशीच्या भाचीला विचारले. ती आता त्याच आळीत, त्याच घरात राहते. २ नोव्हेंबर, सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरला आहे. भाचीने आम्हांला स्वतंत्रपणे चार ओळी पाठवल्या. आमची ओळख नाही. तिने क्षमेविषयी काहीच लिहिलेले नाही. फक्त एवढेच, की फादर, या. पण बोलायचे असेल तर मिस्सा संपण्यापूर्वी बोला, नंतर लोक थांबत नाहीत.